चौदा नंबरचा केसपेपर

११ नोव्हेंबर २००२, सोमवार

आलो एकदाचा! मंचरहून सकाळची एसटी, आळेफाट्याला उतरून नगरकडची जीप, आणि आणे घाट चढून वर आल्यावर जीपवाल्याने मला ट्रंकेसकट रस्त्याच्या कडेला ठेवून दिलं. पुढचं अर्धा किलोमीटर ट्रंक डोक्यावर. दोन वर्षांनी ज्याला लोक अर्धा डॉक्टर म्हणणार, तो आज हमाल दिसत होता.

'अर्धा डॉक्टर' हा शब्द बाबांचा. कोर्सचं खरं नाव फिजिशियन असिस्टंट. बारावीला फिजिक्सने माझा घात केला, एमबीबीएस हुकलं, आणि तेवढ्यात या संस्थेची जाहिरात आली. दुकानात साडी बघायला आलेल्या बायकांनाही बाबा समजावून सांगतात की कंपाउंडर वेगळा आणि हे वेगळं. पेशंटला काय होतंय ते विचारायचं, त्याला तपासायचं, केसपेपर लिहायचा. डॉक्टरांनी फक्त सही करायची. म्हणजे सगळं काम आपलं, असं बाबांचं म्हणणं.

कॉलेज पठारावर एकटंच उभं आहे. तीन मजले, त्यातला वरचा अजून विटांचा. चहूकडे कांद्याची रोपं आणि वारा. वारा म्हणजे काय, दोरीवर घातलेला टॉवेल तासाभरात शेजारच्या रानात. खोली छान आहे, खिडकीतून थेट हॉस्पिटलचा वॉर्ड दिसतो. ही वही खुशबूने दिली. रोज लिही, नाहीतर परत माग, अशी धमकीही दिली. बहीण असून सासूसारखी वागते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

थोरवे सर आमचे मुख्य डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, खिशात कायम लवंगा, आवाज कधी चढत नाही. आज त्यांनी माझा पहिला केसपेपर हातात घेतला आणि बराच वेळ नुसता बघत राहिले. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग म्हणाले की चाळीस वर्षांत इतकं सुंदर अक्षर असलेला माणूस त्यांनी या धंद्यात पाहिला नाही.

अक्षराचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू. पान अर्धवट सोडणं आणि खाडाखोड करणं मला जमतच नाही. खुशबूचं अक्षरही माझ्यासारखंच आहे, कारण तिला मीच गिरवायला बसवलं होतं. आमच्या वह्या शेजारी ठेवल्या तर आईलाही ओळखता येत नाही. बारावी झाली की तीही इथेच येणार आहे. सरांना मी सांगून ठेवलंय.

वॉर्डात चाळीस खाटा आणि पेशंट चार. त्यातले दोन संस्थेच्या अध्यक्षांचे पाहुणे. वॉर्डातली सगळी कामं प्रयागबाई बघतात. त्या इथल्याच, आण्याच्या. मी सूर्य मावळायच्या आत जेवतो आणि कांदा-लसूण खात नाही हे कळल्यावर त्यांनी आधी डोक्याला हात लावला. कांद्याच्या मुलखात येऊन कांदा खात नाही, लई अवघड पोरगं हाय म्हणाल्या. आज साडेपाचला बिनलसणाचं पिठलं घेऊन आल्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

खुशबूचा फोन. उद्या कार्तिकी पौर्णिमा, आई-बाबा पालिताण्याच्या यात्रेला निघाले. पाच डिसेंबरला परत येतील. तोवर ती काकांकडे. मला एकदम मोकळं वाटलं, आता पंधरा दिवस आई फोनवर 'काय जेवलास' विचारणार नाही. मग तासाभराने जरा चुकल्यासारखंही वाटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज गेणभाऊ आले. संस्थेची सगळी बाहेरची कामं तेच करतात. पांढरा शर्ट, पांढरी चप्पल, बोलणं गोड. दिल्लीहून तपासणीवाले येणार आहेत. चोवीस तारखेनंतर दहा दिवसांत कधीही. चाळीस खाटा भरलेल्या दिसल्या तर कॉलेजला कायमची मान्यता, नाहीतर कुलूप.

चार पेशंटचे चाळीस कसे होणार, असं मी विचारलं. गेणभाऊ माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसे बघत राहिले. मग सरांनी समजावलं. पश्चिमेकडे, डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांमधली भातकापणी आटोपली आहे. तिथून माणसं ट्रकने आणायची. दहा दिवस खाटेवर निजायचं, दोन वेळ जेवायचं, जाताना एकेक ब्लँकेट. सगळी कॉलेजं असंच करतात. तपासणीवाल्यांनाही माहीत असतं, फक्त कागद नीट लागतात.

कागद नीट लागतात म्हणजे मी लागतो. नवे छत्तीस केसपेपर मी लिहायचे. रोजच्या रोज छत्तीस पानं लिहिणं शक्य नाही, म्हणून दहाही दिवसांच्या नोंदी आधीच लिहून ठेवायच्या आणि सर एका बैठकीत सह्या करणार. तपासणी कुठल्याही दिवशी येवो, कागद तयार. मला हसू आलं. उद्याचा ताप आजच मोजायचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

ट्रक दुपारी आला. धडधाकट माणसं, डोंगर चढणारी, एकालाही साधं पडसं नाही. सगळ्यांना हिरवे कपडे दिले. कुशाबा नावाचे सहा नंबरचे म्हातारे कपडे घालून आरशात स्वतःला बघून इतके हसले की त्यांना खाटेवर बसवावं लागलं. दोन तासांत वॉर्डाचा लग्नाचा मांडव झाला.

माझं काम मजेत चाललं होतं. उद्याचा दिवस पहिला धरला. कुशाबांना डोळे आले, तिसऱ्या दिवशी डावा डोळा लाल, चौथ्या दिवशी बरे. नऊ नंबरच्या बाईला दुपारी चारला एकशे दोन ताप, दुसऱ्या दिवशी उतार. सगळ्यांना बारीकसारीक आजार आणि दहा दिवसांत सगळे बरे. पण सर म्हणाले, एक तरी केस वजनदार हवी, तपासणीवाले मुलांना प्रश्न विचारतात.

म्हणून चौदा नंबर. बहिरू असवले, वय चौतीस, उंच, लाजाळू, बोलताना खाली बघणारा. सोबत बायको अंबाबाई. त्याला मी पुस्तकातली एक केस दिली. पायाच्या बोटांपासून बधिरपणा सुरू होतो आणि रोज थोडा वर चढतो. पाचव्या दिवशी उभं राहता येत नाही. सहाव्या दिवशी कमरेखाली काही नाही, हातांना मुंग्या. आठव्या दिवशी आवाज जातो. पुस्तकातली केस दहाव्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला संपते. श्वास थांबतो. मी तीही ओळ लिहिली. तपासणी त्याआधीच होईल, आणि नाही झाली तर शेवटचं पान काढून ठेवता येईल. मधेच सोडलं असतं तर मला झोप लागली नसती.

नाव लिहायला गेलो तर अंबाबाईने हात धरला. आमच्या वाडीत अशी रीत न्हाई म्हणाली. धडधाकट माणसाच्या नावाला दुखणं लावत न्हाईत. सांगायचंच झालं तर दगडावर हात ठेवायचा आणि दगडाला झालं म्हणून सांगायचं. मग ती म्हणाली, "नाव दगडाचं लिवा, दादा."

मी हसलो. केसपेपरवर पेशंटचं नाव दगड! सर काय म्हणतील, दिल्लीवाले काय म्हणतील. तिला सांगितलं, ही नुसती कागदाची गोष्ट आहे. वर ठसठशीत लिहिलं, बहिरू असवले. खाली छापलेल्या जागी, माहिती लिहिणाऱ्याचे नाव, जिनेश लुंकड. सरांनी रोजच्या दहाही नोंदींवर न वाचता सह्या केल्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणी नाही. नऊ नंबरच्या बाईला काल दुपारी ताप भरला. मी थर्मामीटर लावला, एकशे दोन. घड्याळात चार. आज उतरला. हवा बदलली की होतं असं, प्रयागबाई म्हणाल्या.

बहिरूने पायाला मुंग्या येतात म्हणून सांगितलं. दिवसभर निजून राहायची सवय नाही माणसाला. त्याला व्हरांड्यात चार फेऱ्या मारायला लावल्या.

२७ नोव्हेंबर, बुधवार

कुशाबांचा डावा डोळा लाल झालाय.

मी कपाटातून त्यांचा कागद काढून बघितला. दिवस तिसरा, डावा डोळा लाल. आज तिसरा दिवस. उजवा बघितला, स्वच्छ.

बहिरूच्या पावलाला टाचणी टोचून बघितली. तपासण्याची हीच पद्धत आहे, टोचायचं आणि विचारायचं. टोचतंय का विचारलं तर म्हणाला, कधी टोचणार? मी तेव्हा टोचतच होतो. घोट्यापर्यंत काही नाही. कागदावरही घोट्यापर्यंतच आहे.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईने काहीतरी मनात भरवलंय. माणूस घाबरला की पायातलं बळ जातं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कुशाबांचा डोळा बरा. लिहिल्याप्रमाणे.

बहिरूला गुडघ्यापर्यंत. मला वाईट वाटायला हवं होतं. मी टाचणी पुसली, 'गुडघ्याखाली संवेदना नाही' हे माझंच वाक्य परत एकदा वाचलं आणि चहा प्यायला गेलो. चहाला चव नव्हती.

मग परत आलो. उद्यापासूनच्या नोंदींवर रेघ मारली आणि वर लिहिलं, सुधारणा आहे. आयुष्यातली पहिली खाडाखोड. सरांकडे सहीला नेलं. सरांनी कागद बाजूला ठेवला. सही झालेल्या नोंदीत बदल दिसला तर तपासणीत अख्खी फाइल बाद होते म्हणाले. बहिरूला पुण्याला हलवा म्हटलं. ते म्हणाले, तपासणी होऊ दे, खाट रिकामी दिसता कामा नये, मग अँब्युलन्स देतो. लवंग चघळत अगदी शांतपणे बोलले. मीही शांतपणे ऐकून घेतलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी रेघ काही कामाची नाही. सकाळी बहिरू उठायला गेला आणि खाटेशेजारी कोसळला. पाचवा दिवस. उभं राहता येत नाही.

अंबाबाई रडली नाही. तिने मला विचारलं की कागदावर शेवटी काय आहे. मी सांगितलं. तिला खोटं सांगायला हवं होतं का? जमलं नाही. नवऱ्याला खांद्यावर टाकून चालत नेईन म्हणाली. गेणभाऊंनी गेटला कडी लावलीय.

तेव्हा मला नाव सुचलं. सही रोजच्या नोंदींवर आहे, पहिल्या पानावरच्या नावावर कोणाचीच सही नाही. दाढीचं ब्लेड आणलं आणि बहिरू असवले ही अक्षरं एकेक करून खरवडून काढली. शेवटचं अक्षर निघालं तेव्हा प्रयागबाई हाक मारत आल्या. बहिरूने पाय ओढून घेतला होता. टाचणी लावली तर कळवळला. अर्ध्या तासात चालला. पाणी पिऊन, आपली टोपी घालून चालला.

गेणभाऊ धावत आले. काहीतरी नाव टाक म्हणाले, कुशाबाचं टाक, म्हातारा आहे, शोभेल. मी नाही म्हटलं. मग कोणाचंही टाक म्हणाले. कोणाचं टाकू? चाळीस माणसं हिरव्या कपड्यांत माझ्याकडे बघत होती. अंबाबाई निघता निघता परत थांबली. म्हणाली, "मोकळं ठिवू नका. दगड लिवा, दादा, दगड."

पेन उचललंही होतं. पण दिल्लीच्या माणसांसमोर माझ्या अक्षरात 'दगड'? जागा मोकळी सोडली. गेणभाऊंनी फाइल उचलून सरांच्या कपाटात टाकली, कुलूप लावलं. मागच्या दाराने प्रयागबाईंनी त्या दोघांना बाहेर काढलं. ती दोघं नगर-कल्याण एसटीला हात करताना मला खिडकीतून दिसली. बहिरू पळत होता.

आज खूप दिवसांनी भूक लागली.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठता आलं नाही.

आधी वाटलं, पांघरूण जड झालंय. पांघरूण काढलं तरी जडच. कमरेखाली काही नाही. मांडी चिमटीत धरली, दुसऱ्याची मांडी. हातांच्या बोटांना मुंग्या.

आज सहावा दिवस. पाच दिवसांचा पायापासूनचा प्रवास मला माफ. एकदम सहाव्यावर.

सारखा विचार करतोय की मलाच का. मग कळलं. त्या पानावर आता एकच नाव उरलंय. खाली, छापलेल्या जागी. माझं.

मला चौदा नंबरवर आणून निजवलंय. रिकामी होती ना. टाचणी मागून घेतली. मांडीत टोचली, रक्ताचा थेंब आला, दुखलं नाही. परत टोचायला गेलो तर बोटांतून निसटली. चादरीत कुठेतरी पडली. मी तिच्यावरच निजलो असेन. कळणार कसं.

सरांना सगळं सांगितलं. कपाट उघडा, वर 'दगड' लिहू द्या. सरांनी कपाळाला हात लावून ताप बघितला. तपासणी झाली की अँब्युलन्स, म्हणाले.

१ डिसेंबर, रविवार

खुशबू आली. ठेपले आणलेत. मला बघून दारातच थांबली, मग हसली, आणि खाटेवर बसून ठेपल्याचे तुकडे करून भरवू लागली. रडली नाही म्हणून मीही नाही. मला येतही नव्हतं.

तिला कागदाचं सांगितलं. दगडाचंही. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. काकांना फोन केला. काका सरांशी बोलले. सरांचा आवाज शांत असतो, त्यामुळे काकाही शांत झाले. आई-बाबा गुरुवारी येतील. आज रविवार. ती इथेच राहणार म्हणते.

तिला जा म्हटलं. ती कधी ऐकते.

अक्षर बिघडतंय. बघवत नाही.

२ डिसेंबर, सोमवार

आवाज गेला. सकाळी नवकार म्हणत होतो, मधेच ओठ हलत राहिले, आवाज नाही.

प्रयागबाईंनी पेन चिकटपट्टीने बोटांना बांधून दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. पापणी मिटते एवढं आहे.

भीती वाटायला पाहिजे. छातीत शोधतो. नाही. तिथेही टाचणी लावून बघावी.

३ डिसेंबर, मंगळवार

गिळता येत नाही. लिहिल्याप्रमाणे.

गेणभाऊ खूश. उद्या दुपारी बाराला येतायत, पक्कं. चौदा नंबर सगळ्यात भारी केस, म्हणाले. खरी वाटते.

अकरा चाळीस. बारा. वीस मिनिटं आधी मी संपेन. तेव्हा खाट भरलेली असेल का रिकामी धरतील —

बरं आहे. माझ्यावरच थांबतंय. आणखी कोणी नाही. एवढं बरं आहे.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळ. समोर घड्याळ. साडेदहा.

सरांनी कपाट उघडलं. फाइल बाहेर. पहिलं पान खरवडलेलं, नोंदींवर माझी रेघ. असं दाखवता येणार नाही म्हणाले. नवं करा, जुनं रद्द. जसंच्या तसं. कोणाला सांगायचं, अक्षर असं कोणाचं —

खुशबू म्हणाली मी देते लिहून. दादाचं नि माझं अक्षर एकच.

नको

१०.५५

टेबलावर बसलीय. पाठ माझ्याकडे. वेणी. भराभर लिहितेय. रेघेखालचं सगळं. मीच शिकवलं. पान अर्धवट सोडायचं नाही.

सर शेजारी. पान झालं की सही.

पेशंटचं नाव विचारलं तिने. गेणभाऊ म्हणतात मोकळं ठेव. आपल्याच कॉलेजचा पोरगा आजारी, बरं दिसत नाही. नंतर ऑफिसात टाकू एखादं.

मोकळं

११.१५

खाली कोणाचं लिहू विचारते. माहिती लिहिणाऱ्याचं. गेणभाऊ हसले. तुझंच टाक म्हणाले. पुढच्या वर्षी येणारच आहेस.

वही खाली पाडली. प्रयागबाईंनी उचलून परत दिली. तिला दाखवा — ओठ — कळत नाही त्यांना. वाचता येत नाही

११.२९

दहाव्या दिवसाची नोंद झाली. सरांची सही झाली. आता पहिलं पान. शेवटी ठेवलंय.

एकच शब्द. वरच्या जागी. एक शब्द लिहिला की दोघं

श्वास वर वर

खुशबू बघ इकडे

११.३६

खुशबू नाव नको वर दग

लिहिलं तिने. टोपण लावलं

टाचणी

मांडीखाली टाचणी टोच